लिमिटरची किल्ली कमिटीकडेच हवी

गणपती-नवरात्र जवळ आले की आपल्या उपनगरांत दरवर्षी दोन तट पडतात. एक म्हणतो, वर्षातून चार दिवस वाजवतो, तेवढंही चालत नाही का? दुसरा म्हणतो, घरात म्हातारी माणसं आहेत, तान्हं बाळ आहे, खिडकीच्या काचा थरथरतात. मुलुंडमधल्या एका मंडळाच्या हॉलची साउंड सिस्टीम मी सांभाळतो, त्यामुळे दोघांचंही ऐकून घ्यावं लागतं. माझ्या मते या भांडणाचं निम्मं उत्तर हॉलच्याच कपाटात ठेवता येतं. ते कसं, ते सांगतो.

आधी शब्दांचा घोळ. आपल्याकडे ‘डीजे’ म्हणजे माणूस नाही, ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. तिलाच काही ठिकाणी ‘डॉल्बी’ म्हणतात. गंमत बघा, रे डॉल्बी या इंजिनियरने १९६५ साली कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रावर! आपण मात्र त्याचं नाव कान फोडणाऱ्या भिंतीला दिलं. असो. मी बोलतोय ते हॉलमधल्या डीजेबद्दल. हळद, संगीत, बारसं, पन्नाशी, गरबा... यासाठी बाहेरून येणारा मुलगा, त्याचा लॅपटॉप आणि त्याचा मिक्सर.

स्पीकर उडतो कसा, हे कमिटीवाल्यांना कोणी सांगत नाही. मिक्सरवर हिरवे, नारिंगी, लाल दिवे असतात. लाल दिवा म्हणजे ‘जोरात वाजतंय’ असा बहुतेकांचा समज. खरा अर्थ असा, की मिक्सरची क्षमता संपली आणि आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातायत. अशी सपाट झालेली लाट स्पीकरला दम घेऊ देत नाही. टॉपमधल्या छोट्या ड्रायव्हरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते. ती तापते आणि जळते. वर आणखी एक हिशेब आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट ताकद लागते, ६ डेसिबलने वाढवायला चौपट. म्हणजे ४०० वॉटवर सुखाने चाललेल्या स्पीकरकडे, ‘भाऊ, थोडा वाढव ना’ म्हणत, आपण १६०० वॉटचं काम मागतो.

आमच्याकडे एका संगीताच्या कार्यक्रमात हेच झालं. बाहेरच्या डीजेने साडेनऊपर्यंत मिक्सर लालमध्येच ठेवला. दोनदा सांगितलं, दोनदा मान हलवली. शेवटच्या अर्ध्या तासात दोन्ही टॉप बसले, नुसता बेस धडधडत राहिला. मग डिपॉझिटवरून वाद. तो म्हणतो तुमचे स्पीकर जुने, पार्टी म्हणते आम्ही हॉलचं भाडं भरलंय. आणि जो आवाज स्पीकरला झेपला नाही, तोच शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनाही झेपत नव्हता. स्पीकर जळतो ते दिसतं. माणसाचं काय होतं ते दिसत नाही.

आता उपाय. पहिला, हॉलने स्वतःचा मिक्सर ठेवावा. क्लबसारखा चार चॅनेलचा महागडा नको, लग्नघराला दोन चॅनेल पुरतात. बघायचं एवढंच: मास्टरचं आउटपुट एक्सएलआर हवं, म्हणजे लांब केबलवर घरघर येत नाही. डीजेच्या स्वतःच्या मॉनिटरसाठी वेगळं बूथ आउटपुट आणि त्याचं वेगळं बटण हवं, कारण त्याला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तो सगळ्या हॉलचा आवाज वाढवतो. आणि माइकला स्वतंत्र व्हॉल्यूम हवा, भाषण आणि गाणं एकाच बटणावर नको. चालू करताना मिक्सर आधी, अँप शेवटी. बंद करताना अँप आधी. एवढ्यानेही बरेच स्पीकर वाचतात.

दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा. मिक्सर आणि अँप यांच्यामध्ये लिमिटर असलेला प्रोसेसर बसवायचा. एकदा जाणकाराकडून सेट करायचा, पासवर्ड टाकायचा, रॅकला कुलूप लावायचं. मग डीजेने मास्टर कितीही वर नेला तरी ठरलेल्या रेषेपलीकडे आवाज जात नाही. ही रेषा दोन ठिकाणी तपासायची. स्पीकरला काय झेपतं, आणि कुंपणापाशी किती ऐकू येतं. दोन्हीतली खालची धरायची.

कुंपण का? कारण कायदा तिथेच मोजतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेच्या साउंड सिस्टीमचा आवाज हद्दीवर याहून फार तर ५ डेसिबल जास्त चालतो. बंद हॉलला रात्री दहाच्या लाउडस्पीकरबंदीतून सूट आहे, हद्दीवरच्या मर्यादेतून नाही. हे पुष्कळ कमिट्यांना माहीतच नसतं. एलबीएस रोडवरची वाहतूकच याच्या वर जाते, असं कोणी म्हणेल. खरंय. पण रस्त्याच्या आवाजात आपण भर घालावी, असं त्यातून निघत नाही.

न्यायालयही याच दिशेने गेलंय. २०१८च्या गणेशोत्सवात साउंडवाल्यांची संघटना डीजेबंदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, तिला दिलासा मिळाला नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये कुर्ला पूर्वेच्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने निकाल दिला. धर्म कोणताही असो, लाउडस्पीकर हा त्याचा अत्यावश्यक भाग नाही, असं त्यात म्हटलंय. आणि लाउडस्पीकर, अँप यांच्यातच डेसिबलची मर्यादा बांधून देणारी यंत्रणा आणण्याचा विचार सरकारने करावा, असंही. म्हणजे आपला लिमिटरच की! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढलं, त्यात श्रोत्यांसाठी सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा आहे आणि आवाज सतत मोजत राहायला सांगितलंय.

साउंडवाल्या पोरांच्या पोटावर पाय यावा, असं मला अजिबात वाटत नाही. यातली बरीच आपल्याच चाळींतली, कर्ज काढून सामान घेतलेली मुलं आहेत. लिमिटर त्यांच्याही बाजूचा आहे. ‘अजून वाढव’ म्हणणाऱ्या यजमानाला ‘हॉलचं सेटिंग आहे, माझ्या हातात नाही’ एवढं तरी सांगता येतं. आज सगळा दोष आणि पोलिसांचा दंडुका त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतो.

म्हणून मागणी साधी आहे. पालिकेने आपल्या समाजमंदिरांत आणि भाड्याच्या हॉलमध्ये कुलूपबंद लिमिटर बसवावा, आणि भाडेकरारात त्याचं एक कलम घालावं. सोसायट्यांनी तर वाट बघायचीही गरज नाही, पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव करता येईल. एका जळलेल्या जोडीच्या दुरुस्तीनंतर हा खर्च कोणाला जड वाटणार नाही.

बोरिवली, अंधेरी, घाटकोपरची मंडळी, तुमच्या हॉलमध्ये आवाजाचं बटण कोणाच्या हातात असतं? कॉमेंटमध्ये लिहा. आणि कमिटीतल्या एकाला तरी ही पोस्ट पाठवा.