पाचशे बारा बाइट आणि दुतोंड्या मारुती

अ‍ॅटटायनी ८५ नावाची आयसी नखाएवढी असते. आठ पाय. त्यातले दोन वीजपुरवठ्याला जातात, एक रीसेटला, उरतात पाच. प्रोग्रॅम ठेवायला ८ केबी जागा आणि चालू कामाची मेमरी फक्त ५१२ बाइट. सुट्टीत राहायला आलेल्या भाचीला मोबाइल द्यायचा नाही, असं ताईनं बजावून ठेवलं होतं. मी म्हटलं, हातात धरून खेळायचा गेम आपणच बनवू. माझं काम नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं, त्यामुळे सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर घरातच होते.

"मामा, त्यात फ्री फायर चालेल?"

नाही चालणार. आमच्या लहानपणी जत्रेत '९९९९ इन १' असं लिहिलेला ब्रिक गेम मिळायचा, तो तिनं पाहिलेलाच नव्हता.

आयसी, तिचा बेस, झिरो पीसीबी, पुश बटणं आणि बझर एमजी रोडच्या बाजूच्या गल्लीत मिळालं. ०.९६ इंची ओलेड स्क्रीन ऑनलाइन मागवली. आयसीत प्रोग्रॅम भरायला वेगळा प्रोग्रॅमर लागला नाही. जुना अर्डुइनो उनो ते काम करतो. पाच पायांपैकी दोन स्क्रीनला, एक बझरला गेला. चार बटणं एकाच पायावर घेतली: प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स. दाबलं की त्या पायावरचं व्होल्टेज बदलतं, आयसी ते ० ते १०२३ या आकड्यांत मोजते, आणि आकड्यावरून बटण ओळखायचं. भाची मल्टिमीटर लावून प्रत्येक बटणाचं व्होल्टेज वहीत लिहीत बसली. हे काम तिला गेमपेक्षा जास्त आवडलं असावं.

खरी अडचण स्क्रीनची. ती १२८ बाय ६४ ठिपक्यांची. प्रत्येक ठिपका पेटलेला की विझलेला, एवढंच लक्षात ठेवायचं तरी १०२४ बाइट लागतात. आपल्याकडे ५१२. म्हणजे अख्खं चित्र मेमरीत तयार करून एकदम पाठवणं शक्यच नाही. मग स्क्रीनच्या स्वतःच्या रचनेचा फायदा घ्यायचा. तिचे आडवे आठ पट्टे असतात, प्रत्येक आठ ठिपके उंच. एक बाइट म्हणजे पट्ट्यातली एक उभी रेघ. प्रत्येक रेघेला 'इथे काय आहे?' असं गणित करायचं, बाइट पाठवायचा आणि विसरून जायचा. चित्र कुठेच साठवायचं नाही. यात एक मेख आहे. एखादी वस्तू दोन पट्ट्यांच्या मध्ये आली, की तिचे तुकडे करून दोन्हीकडे वाटावे लागतात, आणि तो हिशेब प्रोग्रॅमची जागा खातो.

निन्टेन्डोच्या गेमबॉयला १९८९ साली कामाची मेमरी ८ केबी होती, आमच्या सोळापट. तीही त्या काळात तुटपुंजीच म्हणायची. तो बनवणारे गुनपेई योकोई जुनीच, स्वस्त झालेली तंत्रं मुद्दाम वापरायचे. जागा नसली की खेळच जागेला साजेसा शोधावा लागतो.

तसा खेळ आम्हाला गोदावरीच्या घाटावर, रामकुंडावर सापडला. घाटाला पायऱ्या असतातच. एक पायरी म्हणजे एक पट्टा, आठ ठिपके. माणूस पायरीनं चढतो, पाणीही पायरीनं चढतं, मध्ये कोणीच अडकत नाही. गेम असा: गोदेला पूर येतोय, खालच्या पायऱ्यांवरच्या फुलांच्या टोपल्या उचलून वर न्यायच्या. आणि पाणी किती चढलं हे दाखवायला कडेला दुतोंड्या मारुती, घाटावरची दोन तोंडांची मूर्ती. नाशिककर पुराचं माप त्याच्यावरूनच घेतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की 'मारुतीच्या कुठपर्यंत आलं?' हाच प्रश्न. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये अख्खं शहर हेच विचारत होतं. भाचीनं चौकटीच्या वहीत सोळा चौकटी रुंद, अठ्ठेचाळीस उंच मारुती काढला. म्हणजे बरोबर सहा पट्टे आणि ९६ बाइट. दुसरं तोंड सोळा चौकटींत बसवणं जमेना, तेव्हा तिनं ते नुसत्या नाकावर भागवलं. मला ते नाक फार आवडतं.

मारुतीचं डोकं बुडालं की गेम संपला, असं मी ठेवलं होतं. आईला ते पटलं नाही. तिनं १९६९ चा महापूर लहानपणी पाहिलेला. "मारुती बुडाला म्हणजे संपलं कसं रे? दुसऱ्या दिवशी चिखल काढायला लागतात सगळे."

म्हणून चिखलाचा भाग लिहिला. पाणी एकेक पायरी उतरतं, मागे राहिलेला चिखल ओढून नदीत ढकलायचा. ८ केबी जवळजवळ भरले होते, तेव्हा सुरुवातीची धून काढून टाकली. नव्वदच्या आसपास बाइट उरलेत. भाचीला त्यात फावड्याचा आवाज हवाय. आई म्हणते, आधी घाटावर एक झाडू द्या.