जंगलात जायचंय? मग पाणी पिऊन निघा

सफारी म्हटली की आफ्रिकाच आठवावी असे दिवस आता राहिले नाहीत. निदान आम्हा वाडीकर बायकांना तरी! अमरावती रोडवरच्या ट्रकांची धूळ खात आम्ही राहतो खऱ्या, पण वाघ आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. एका बाजूला पेंच, एका बाजूला बोर, उमरेडकडे कऱ्हांडला आणि त्याच्या पुढे ताडोबा. १९५५ साली झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्यामुळे पाहुणे आले की "चला, वाघ दाखवा" हे ठरलेलंच, आणि तयारी कुणी करायची तेही ठरलेलं.

तयारीची यादी आमच्याकडे हे करतात. दुर्बीण, कॅमेरा, टोप्या, गाडीत पेट्रोल. यादी चांगली असते, पण ती पुरुषाची असते. तिच्यात एक गोष्ट कधीच नसते, आणि तीच मी आज तुम्हांला सांगणार आहे. विषय जरा नाजूक आहे, पण आपल्यात बोलायला काय हरकत आहे?

सफारी चालते साडेतीन-चार तास. जिप्सीतून खाली पाय ठेवायची परवानगी नाही. मग बायका काय करतात? आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत! आमच्या शेजारच्या एक वहिनी मे महिन्यात अशाच कोरड्या घशानं दुपारच्या फेरीला बसल्या. चंद्रपूरकडचं ऊन तुम्हांला ठाऊक आहे, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दीड तासात त्यांना गरगरायला लागलं, ओठ पांढरे पडले. पाणवठ्यावर वाघीण बसलेली, सगळे तिकडे माना लांब करून बघताहेत, आणि ह्या डोळे मिटून सीटचा दांडा धरून बसलेल्या. पुढे चार दिवस लघवीची जळजळ सोसली ती वेगळीच. नवऱ्याला सांगायचीही लाज!

तेव्हा असं करा. निघायच्या आधी दोन तास, घरीच, पोटभर पाणी प्या. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं मीठ-साखर घालून घ्या. चहा मात्र त्या वेळी टाळा, चहानं लवकर जावंसं वाटतं. गेटवर अर्धा तास आधी पोहोचा आणि गरज नसली तरी तिथल्या स्वच्छतागृहात जाऊनच या. आत गेल्यावर घोट घोट पाणी घेत राहा, बाटली प्लॅस्टिकची नको, स्टीलची न्या. आणि गाईडला गेटवरच विचारून ठेवा, वाटेत कुठे चौकीपाशी सोय आहे का? असली तर तो थांबवतो. ऐनवेळी विचारायला जीभ उचलत नाही, म्हणून आधी. पाळीचे दिवस असतील तर गेटवरच पॅड बदला, गडद सलवार घाला, कागद आणि पिशवी जवळ असू द्या. वयानं धीर धरवत नसेल अशा सासूबाईंनाही पॅड लावायला सांगा. त्यात कमीपणा कसला?

आता बाकीचं. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या आपण! ह्यांनी तिकीट सासरच्या नावानं काढायचं आणि कार्डावर माहेरचं नाव, असं झालं तर गेटवर अडवतात. मोबाईल आत वापरता येत नाही, म्हणून घरी सांगून ठेवा की चार तास फोन लागणार नाही, दूधवाल्याचे पैसे डब्याखाली आहेत. ताडोबा मंगळवारी बंद असतो, आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभ्याचं जंगल बंद.

कपडे मळकट हिरवे, खाकी, मातकट. पांढरं, लाल नको. गजरा, अत्तर, वाजणाऱ्या बांगड्या घरी ठेवा. तोंडाला दुपट्टा गुंडाळायचं आपल्या नागपूरकडे कुणाला शिकवायला नको. डिसेंबरात मात्र पहाटेच्या उघड्या जिप्सीत हाडं गोठतात. स्वेटरवर शाल, आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी. जिप्सीची पायरी उंच असते, पाचवी साडी आवरत चढणं कठीण. आमच्या आतेसासूबाई मात्र नऊवारीत सगळ्यांच्या आधी चढून बसल्या! कंबरदुखी असेल तर मागची सीट घेऊ नका, तिथे फार आदळतं. दिवस गेलेले असतील तर जाऊच नका.

ताडोब्यात आता गावातल्या बायकाही गाईड आहेत. आम्हांला कोलारा गेटवर अशीच एक मुलगी मिळाली होती. जिप्सीत चढायच्या आधीच म्हणाली, "काकू, पाणी पेऊन घ्या बरं." चितळ कसं ओरडतं, वानर कधी खाकरतं, हे तिनं कानानं ऐकायला शिकवलं. वाघ दिसला नाही तर मुलं हिरमुसतात, पण कान लावून बसलं की रानगवा, रानकुत्री, अस्वल, सगळं आपलंसं वाटतं.

तिला मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, गाडीत नाही वाटत. उन्हाळ्यात तिची आई पहाटे मोहफुलं वेचायला आणि मग तेंदूपत्ता तोडायला जाते, पायी, वाकून. तेव्हा वाटते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आपण ज्या उन्हात दुर्बीण घेऊन जातो, त्याच उन्हात. म्हणून मी आता गाईडचे वरचे पैसे ह्यांच्या खिशावर सोडत नाही. माझ्या पाकिटातून वेगळे काढून ठेवते.

दुपारची फेरी करून चिमूर, भिसी, उमरेड करत वाडीला यायला रात्रीचे साडेनऊ होतात. तेव्हा सकाळीच पिठलं करून झाकून ठेवा, आल्यावर नुसता भात टाकायचा. आणि कपडे मशिनमध्ये घालण्याआधी अंगणात झटका, नाहीतर ताडोब्याची सगळी माती तुमच्या बाथरूमात येते.