फोरसाइटचे कान

बेळगावच्या सेंटरमध्ये उस्ताद पहिल्यांदा 'शिस्त लो' म्हणाले, तेव्हा मी उगीच ताठ झालो. आपल्या मराठीत शिस्त म्हणजे वागण्याची शिस्त. फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. बॅकसाइटची खाच, फोरसाइटची टिप आणि टार्गेट एका रेषेत आणणं म्हणजे शिस्त घेणं. पुढे कोत एनसीओ झालो आणि रोज शंभरेक रायफली हातातून जायला लागल्या, तेव्हा कळलं की दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार लांब नाहीत.

या रेषेतला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे फोरसाइट टिप. काडेपेटीच्या काडीएवढी जाड, आणि तीही नळीच्या टोकाजवळ, जिथे सगळ्यात जास्त ठोकर लागते. गाडीत चढताना, नाला ओलांडताना, बंकरच्या दारातून वाकून जाताना पहिला मार तिथेच बसतो. म्हणून तिच्या भोवती प्रोटेक्टर असतो. आमच्या कंपनीत त्याला 'कान' म्हणायचे.

जुन्या .३०३ ला पुढच्या टोपीवरच दोन जाड कान असत. एसएलआरलाही दोन्ही बाजूंना पंख होते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन माउझरवर वेगळीच तऱ्हा: पातळ पोलादी टोपी, नळीच्या तोंडाकडून खाचेत सरकवून बसवायची आणि तशीच पुढे ओढून काढायची. सावलीला चांगली, पण निघणारी वस्तू फौजेत हरवतेच. आमच्या एकेचे कान वरून उघडे. पण खोऱ्यात पकडलेल्या हत्यारांत चिनी टाइप ५६ आली की लांबूनच ओळखू यायची. तिची फोरसाइट पूर्ण गोल कड्यात बंद, आणि वर टूल जाण्यापुरतं एक छिद्र.

कानांची कामं दोन. एक मार झेलणं, दुसरं टिपवर थोडी सावली धरणं. उन्हात टिपची एकच बाजू चमकली की डोळा फसतो आणि त्या उजळ कडेलाच मधली जागा समजतो. शूटिंगवाले जुने लोक यासाठी कापूर जाळून टिप काळी करतात. आरतीचा कापूर असाही उपयोगी पडतो.

एकेमध्ये टिप वर-खाली करायला ती नुसती फिरवायची. क्लीनिंग किटमधल्या टूलला त्यासाठी खाच असते. एक पूर्ण फेरा म्हणजे १०० मीटरवर साधारण २० सेंटिमीटर. डावी-उजवीकडे न्यायचं असेल तर टिप ज्या आडव्या ड्रममध्ये बसते तो ड्रमच सरकवावा लागतो. १ मिलिमीटर ड्रम सरकला की १०० मीटरवर सुमारे २६ सेंटिमीटर फरक. ड्रम घट्ट बसलेला असतो, हाताने हलत नाही. त्याला क्रॅम्प लागतो: कानांवर अडकणारा आकडा आणि हळूहळू दाबणारा स्क्रू. नियम सोपा. गोळ्या जिकडे जातात तिकडेच फोरसाइट न्या.

कुपवाड्याच्या पोस्टिंगमधली गोष्ट. आमच्याकडे गडहिंग्लजकडचा एक पोरगा होता, नेमबाज म्हणून नाव. पेट्रोलवरून येताना बर्फावर घसरला आणि रायफल फोरसाइटच्या बाजूने खडकावर आदळली. कानाला नुसता ओरखडा, टिप सरळ. पण मी टॉर्च मारून पाहिलं तर ड्रमवरची रेघ आणि बुडावरची रेघ जुळत नव्हत्या. अर्धा मिलिमीटर असेल, डावीकडे.

त्या रात्री त्याला ॲम्बुशला जायचं होतं. क्रॅम्प बटालियन हेडक्वार्टरला, आर्मररकडे. एक नाईक हातोडी घेऊन आला, "दोन ठोके मारले की बसेल." मी नाही म्हटलं. ठोक्याने ड्रम किती सरकला हे कोण सांगणार? रात्री गोळी झाडून तपासताही येत नव्हतं. सुट्टीवर गेलेल्या एकाची रायफल कोतमध्ये होती, पण ती झिरो केलेली दुसऱ्याच्या डोळ्याला.

"हवालदार साहेब, अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय?" पोरगा म्हणाला.

"१०० मीटरवर १३ सेंटिमीटर. २०० वर २६. आणि तुझ्या पुढे आपलाच माणूस असेल तर?"

मी कंपनी कमांडर साहेबांना सांगितलं, त्यांनी दुसरा जवान पाठवला. पोरगा माझ्याशी रात्रभर बोलला नाही. त्याच्या जागी दुसरा बर्फात पडून होता, हे त्याला जास्त लागलं होतं. मलाही झोप लागली नाही. त्या रात्री काही झालं नाही, सगळे सकाळी परत आले.

दुपारी आर्मरर आला. केरळचा, कमी बोलणारा. रायफल खाली केली, चेंबर दोनदा पाहिलं, मगच पिशवी उघडली. आधी पाच गोळ्या तशाच मारायला लावल्या. ग्रुप छान, पण वितेपेक्षा थोडा कमी, उजवीकडे. मग क्रॅम्प चढवला, स्क्रू जरासा फिरवला, थांबला, पाहिलं, पुन्हा जरासा. पुन्हा पाच गोळ्या. ग्रुप मधोमध. क्रॅम्प काढताना पोरगा पुढे झाला, "साहेब, हा कसा लावायचा ते दाखवा." आर्मररने त्याला तीनदा चढवायला आणि तीनदा उतरवायला लावलं.

आता अमेठीजवळ कोरव्याला बनणाऱ्या एके-२०३ वर रेल आहे, दुर्बीण बसते. पण फोरसाइट आणि तिचे कान अजून तिथेच आहेत. सर्व्हिसमधल्या पोरांना एवढंच सांगतो: पेट्रोलवरून आलात की चिंदी-तेलाच्या आधी ती रेघ बघा. दोन सेकंद लागतात.

जय हिंद.