सर्वांत स्वस्त जागेवरून

ताम्हिणी, ता. मुळशी, जि. पुणे
डिसेंबर २०२५

ती. दादांस सा. न. वि. वि.

बोस्टनहून आलेल्या पत्रात दादांनी फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानाचे जे वर्णन केले आहे आणि शेवटी महाराष्ट्रातील क्रिकेटचे कोणते मैदान सर्वांत आवडते व कोणते सर्वांत नावडते, असा जो प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर एका ओळीत देता येते. परंतु कारणे न देता ते दिले तर दोन्ही मैदानांवर अन्याय होईल. आवडते मैदान मुंबईचे वानखेडे आणि नावडते पुण्याजवळच्या गहुंज्याचे. हे दुसरे नाव लिहिताना ताम्हिणीच्या माणसाला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, कारण आंतरराष्ट्रीय सामने होणाऱ्या मैदानांपैकी ताम्हिणीला सर्वांत जवळचे तेच आहे.

मैदानाची पारख कोणी खेळपट्टीवरून करतो, कोणी तेथे झालेल्या विक्रमांवरून, तर कोणी वास्तुरचनेवरून. या पत्रात ती सर्वांत कमी दराचे तिकीट काढून बसणाऱ्या प्रेक्षकावरून केली आहे. त्याला चेंडू दिसतो का, दुपारी त्याच्या डोक्यावर सावली असते का, तहान लागली तर पाणी मिळते का आणि सामना संपल्यावर तो घरी कसा पोहोचतो, हे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी महाराष्ट्रातील मोठ्या मैदानांचा इतिहास याच प्रश्नांभोवती, विशेषतः कोणी कोठे बसावे या प्रश्नाभोवती, फिरत आला आहे.

बेसबॉल आणि क्रिकेट यांच्या मैदानांत एक भेद आहे, तो आधी नोंदवलेला बरा. बेसबॉलमध्ये धावपटू ज्या चार ठिकाणांना स्पर्श करत धावतो, त्यांच्यामधील ९० फुटांचे अंतर सगळीकडे सारखे असते, पण त्यापलीकडचे बाह्य क्षेत्र शहराने जेवढी जागा दिली तेवढेच असते. १९१२ साली सुरू झालेल्या फेनवे पार्कच्या डाव्या अंगाला रस्ता आडवा आल्यामुळे तेथे सुमारे ३७ फूट उंचीची भिंत उभी आहे आणि तिच्या हिरव्या रंगामुळे तिला ‘ग्रीन मॉन्स्टर’, म्हणजे हिरवा राक्षस, असे नाव पडले आहे. क्रिकेटमध्ये खेळपट्टी २२ यार्डांची ठरलेली आणि सीमारेषा दोरीने आखायची असते. त्यामुळे मैदानांचे वेगळेपण आकारापेक्षा मातीत, हवेत आणि माणसांत अधिक दिसते. वानखेडेची लाल माती चेंडूला उसळी देते आणि शेजारच्या अरबी समुद्राचा वारा नव्या चेंडूला हवेत वळायला मदत करतो, हे तेथील गोलंदाज पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत.

वानखेडेची कथा मात्र त्याच्या शेजाऱ्यापासून सुरू करावी लागते. चर्चगेटजवळ समुद्र हटवून मिळवलेल्या भूमीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने उभारलेले ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली खुले झाले, आणि त्याच वर्षी जागांच्या वाटपावरून वाद होऊन हिंदू संघाने तेथील पंचरंगी स्पर्धेतून माघार घेतली. पंचरंगी म्हणजे युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि इतर अशा पाच संघांची, धर्म आणि समाज यांच्या आधारे खेळली जाणारी स्पर्धा. पुढे साडेतीन दशकांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मैदान क्लबचे, सामना भरवण्याची जबाबदारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची आणि तिकिटे किती कोणाला द्यायची यावर एकमत नाही, अशा स्थितीत असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतःचे मैदान बांधण्याचा निश्चय केला. ते त्या वेळी राज्याच्या विधानसभेचेही अध्यक्ष होते. शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सुमारे तेरा महिन्यांत, ब्रेबॉर्नपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर, रेल्वेमार्गाला खेटून ते उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली, जिच्यात क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. लॉइडचे अभिनंदन करायला धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केली आणि त्यावरून त्याच सामन्यात दंगल उसळली. मैदानाच्या जन्माचा हा भाग दादांना ठाऊक नसावा.

ब्रेबॉर्न देखणे आहे, यात वाद नाही. त्याचा प्रशस्त पॅव्हेलियन, म्हणजे खेळाडूंच्या आणि सभासदांच्या बसण्याची मुख्य इमारत, पाहताना जुन्या मुंबईचा डौल जाणवतो, आणि डिसेंबर २००९ मध्ये, ३६ वर्षांच्या खंडानंतर तेथे परतलेल्या कसोटीत सेहवागने श्रीलंकेविरुद्ध २९३ धावा काढल्या, हेही त्या वास्तूला शोभणारेच झाले. पण तो डौल सभासदांचा आहे. वानखेडेला तसा डौल नाही. त्याच्याकडे आहे तो आवाज. २०११ च्या विश्वचषकासाठी झालेल्या पुनर्बांधणीत तेथील प्रेक्षकक्षमता सुमारे ४५,००० वरून ३३,००० च्या आसपास आली, बाकांच्या जागी खुर्च्या आल्या आणि वर पांढऱ्या कापडी छताची कमान आली. ते छत आणि उभ्या चढणीच्या गॅलऱ्या यांमुळे हजारोंचा घोष बाहेर न विरता पुन्हा मैदानावरच उतरतो. उत्तरेच्या गॅलरीत बसलेला प्रेक्षक, म्हणजे मुंबईकर ज्याला नुसते ‘नॉर्थ स्टँड’ म्हणतात तेथला, सामना केवळ पाहत नाही. त्याच्या ओरडण्याने गोलंदाजाच्या धावेची लय बदलते, अशी मुंबईच्या रसिकांची दृढ श्रद्धा आहे आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही. सामना संपला की तोच प्रेक्षक चालत चर्चगेट किंवा मरीन लाइन्स गाठतो आणि लोकलने तास-दीड तासात विरारलाही पोहोचतो. आवडीचे खरे कारण येथे आहे. जे मैदान प्रेक्षकाला घरी पोहोचवते ते त्याचे होते.

फेनवेमध्ये १९४६ साली टेड विल्यम्सने ५०२ फुटांवर टोलवलेल्या चेंडूची आठवण म्हणून हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची ठेवली आहे, असे दादांनी कळवले. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीचा षट्कार वानखेडेत जेथे पडला, त्या खुर्च्यांनाही आता तशीच स्मृतीची खूण दिली आहे. मात्र त्या अंतिम सामन्याची फारच थोडी तिकिटे सामान्य लोकांसाठी खुली होती, बहुतेक संलग्न क्लबांकडे आणि निमंत्रितांकडे गेली, हेही विसरू नये. तिकिटांच्या भांडणातून जन्मलेल्या मैदानाने हे करावे, याचे दुःख त्याच्यावर प्रेम करणाऱ्यालाच अधिक होते.

नव्या मुंबईतील नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमला या क्रमात दुसरे स्थान द्यावे लागेल. गॅलरीच्या छताला मध्ये खांब नसल्यामुळे तेथे कोणत्याही खुर्चीवरून खेळपट्टी अडत नाही; फेनवेच्या जुन्या लोखंडी खांबांमागे बसावे लागणाऱ्या दादांना या सुखाची किंमत कळेल. याच मैदानावर गेल्या २ नोव्हेंबरला भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला, आणि सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. स्त्रियांचा सामना पाहायला इतके लोक येतील का, ही जुनी शंका त्या रात्री भरलेल्या गॅलऱ्यांनी मिटवली. नागपूरबद्दल थोडक्यात इतकेच, की सिव्हिल लाइन्समधले जुने मैदान शहराच्या पोटात होते आणि २००८ पासून सामने वर्धा रस्त्यावरील जामठ्याला गेल्यावर कसोटीला गॅलऱ्या रिकाम्या दिसू लागल्या.

हाच स्थलांतराचा प्रकार पुण्यात घडला. स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम महापालिकेच्या मालकीचे. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळून हरवले ते तेथेच. पासांच्या आणि हक्कांच्या वादांतून क्रिकेट संघटनेने तेथून काढता पाय घेतला आणि द्रुतगती मार्गालगत मावळ तालुक्यातील गहुंजे येथे नवे मैदान बांधले, जे एप्रिल २०१२ मध्ये खुले झाले. इंग्लंडच्या हॉपकिन्स या वास्तुविशारद संस्थेने ते रचले आहे. त्याचे गुण नाकारण्यात अर्थ नाही: भोवतीचे डोंगर दिसतात, वारा खेळता राहतो आणि खुर्चीवरून चेंडू स्वच्छ दिसतो. तथापि, प्रेक्षकांच्या बहुसंख्य खुर्च्यांवर छत नाही. इंग्लंडच्या कोवळ्या उन्हात जी मोकळीक सुखद वाटते, ती मावळातल्या ऑक्टोबरच्या उन्हात शिक्षा होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी तेथे प्रेक्षकांना पिण्याचे पाणी अपुरे पडले आणि संघटनेला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. तो सामना भारताने ११३ धावांनी गमावला आणि त्याबरोबर मायदेशातील सलग १८ मालिका विजयांची साखळी तुटली; पण उन्हात तहानेने व्याकूळ झालेल्या माणसांपुढे तो पराभव लहानच मानावा लागेल. दारात रेल्वे नसल्याने स्वतःची गाडी नसलेल्या माणसाला परतीची चिंता शेवटच्या षटकांपासूनच लागते, हा त्याच्या तक्रारीचा दुसरा भाग.

पाण्याचा विषय मुळशीत सहज सोडून देता येत नाही. या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरीही धरण झाले आणि येथे पडणारे पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याच्या वीजगृहात उतरून मुंबईसाठी वीज बनू लागले. एप्रिल २०१६ मध्ये राज्यात दुष्काळ असताना मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे महिनाअखेरीनंतरचे बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले, तेव्हा क्रिकेटप्रेमींमध्ये नाराजी होती. आषाढ-श्रावणात पावसाने झोडपले जाणारे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे घाटमाथ्यावरचे गाव त्या नाराजीत सामील होऊ शकत नाही. हिरवळीला पाणी आणि माणसाला पाणी यांत निवड करायची वेळ आली, तर न्यायालयाने केली तीच योग्य होती.

पुण्यातले एक मैदान मात्र या सर्व हिशेबांच्या बाहेर राहते, ते म्हणजे पूना क्लबचे. डिसेंबर १९४८ मध्ये तेथे कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम अवघ्या काही फटक्यांवर राहिला, आणि काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिल्यामुळे तो मोडायचा राहून गेला. त्याच क्लबात १८९०च्या दशकात पळवणकर बाळू नावाचा दलित तरुण अल्प पगारावर खेळपट्टीवर रूळ फिरवत असे, सरावाच्या जाळीत इंग्रज अधिकाऱ्यांना गोलंदाजी करत असे, आणि पुढे पुण्याच्या हिंदू संघातून खेळताना त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा डावखुरा गोलंदाज आपल्याच संघाच्या चहाच्या वेळी दाराबाहेर उभा होता. कोणी कोठे बसावे, या प्रश्नाचे महाराष्ट्रातले सर्वांत जुने आणि सर्वांत कठोर रूप हेच आहे, आणि पासांचे वाद त्यापुढे फिके पडतात.

दादा जानेवारीअखेर येणार असल्याचे वहिनींच्या निरोपावरून कळले. वानखेडेला त्या दिवसांत सामना असल्यास नॉर्थ स्टँडचीच तिकिटे काढावीत, पाहुण्यांच्या कक्षाची नकोत, आणि चर्चगेटची गर्दी टाळायला मरीन लाइन्सला उतरावे. ताम्हिणीत भातकापणी उरकल्यामुळे वरच्या वाडीखालचे खाचर, म्हणजे बांध घालून सपाट केलेले भाताचे शेत, आता वाळून टणक झाले आहे. मुलांनी धसकटे उपटून टेनिस चेंडूचे सामने सुरू केले आहेत. तेथे एका बाजूला बांध फार जवळ असल्यामुळे त्या बाजूने चौकाराला दोनच धावा धरतात, आणि बांधावरच्या आंब्याखाली कोणीही बसावे अशी सोय आहे. दादांनी फेनवेच्या भिंतीचा एखादा मोठा फोटो बरोबर आणावा. तो पाहून मुलांना आपला जवळचा बांध पटेल.

वहिनींस सा. न., मुलांस अनेक आशीर्वाद.

कळावे, आशीर्वाद असावेत.

धाकटा भाऊ