धूर, ओल आणि शेगडी

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला धुरावरून अग्नीचें अनुमान प्रथम शिकवितात. पण अग्नीवरून धुराचें अनुमान करूं नये, असेंही लगेच बजावतात. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर होण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. त्यास शास्त्रकार ‘उपाधि’ म्हणतात. हा विचार केवळ पाठशाळेपुरता नाहीं. तो चुलीपाशींही उपयोगी पडतो.

आमचें चौदा माणसांचें कुटुंब कळंबास राहतें. आंघोळीचें पाणी व सणावाराचा स्वयंपाक यांसाठीं मागील पडवींत पेलेटची शेगडी आहे. लाकडाचा भुसा किंवा भाताचा कोंडा दाबून केलेल्या, शिसपेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या म्हणजे पेलेट. त्या वरच्या पेटींतून उतरतात, मळसूत्र त्यांना पुढें सारतें आणि लहानसा पंखा वारा घालतो. मध्यें बाटली उभी करून सभोंवार भुसा ठासावयाचा व बाटली अलगद काढून घ्यावयाची, अशी जुनी भुशाची शेगडी वाचकांस आठवत असेल. ही तिचीच नात.

गेल्या श्रावणांत ही नात रुसली. घटकाभर जळे, मग धूर कोंडून विझे. थोरल्या वहिनींना दमा. त्यांना तर पडवीकडे फिरकणें अशक्य झालें. मोटर बिघडली, शेगडी विकून टाकावी, असें चिरंजीवांचें मत पडलें. सूनबाई म्हणाली, “मामंजी, विकण्यापूर्वीं एकदां पेटी तर रिकामी करून पाहूं.”

पाहिलें तों वर कांड्या भरलेल्या आणि खालीं पोकळी! मळसूत्र रिकामेंच फिरत होतें. पावसाळी हवेंतील ओल शोषून कांड्या फुगल्या होत्या, कांहींचा भुसा झाला होता, आणि दोहोंची मिळून पेटीच्या तोंडाशीं कमान बसली होती. दमट दाणे जात्याच्या तोंडांत अडकतात, तसाच हा प्रकार. शिवाय जाळीचीं छिद्रें राखेनें बुजलेलीं. भाताच्या कोंड्याची राख वजनाच्या शेंकडा १५ ते २० भरते. लाकडाची त्या मानानें फारच थोडी. म्हणून कोंड्याच्या कांड्या जाळणाऱ्यांनीं जाळी रोज साफ करावी.

तेव्हां दोष शोधण्याचा क्रम असा ठेवावा. शेगडी पूर्ण निवूं द्यावी व वीज तोडावी. मग एक कांडी मोडावी. कोरडी असेल तर ती टक्‌कन तुटते, दमट असेल तर चुरा होते. पेटींतील भुसा काढून कांड्या चाळाव्या. नंतर जाळी, नंतर पंख्याची वाट, आणि सर्वांच्या शेवटीं मळसूत्र व मोटर. आगोटीच्या बेगमींतच कांड्यांचीं पोतीं घ्यावीं व भिंतीपासून दूर, फळीवर, तोंडें घट्ट बांधून ठेवावीं.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. ही शेगडी बंद न्हाणीघरांत कधींही पेटवूं नये. अर्धवट जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. धूर नाहीं म्हणून अग्नि नाहीं, हें अनुमान जसें चुकीचें, तसेंच धूर नाहीं म्हणून धोका नाहीं, हेंही. आणि दुसरी चूक जिवावर बेतते.