वजनकाटा आणि शिंप्याची टेप

शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘बीएमआय’, हा किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा असून, बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या या गुणोत्तराला अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये आजचे नाव दिले. काटा आणि उंचीची पट्टी एवढ्यावर भागत असल्याने हजारो माणसांच्या पाहणीत त्याचे मोल निर्विवाद आहे. मात्र वजनात स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे साठली आहे, हे तो सांगू शकत नाही.

ही मर्यादा मुलुंडच्या प्रस्तुत लेखकाला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या शरीरावरून कळली. १६५ सेंटिमीटर उंची आणि ६१ किलो वजन यांचा निर्देशांक २२.४ येई, कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत त्यापुढे ‘नॉर्मल’ असा शेरा पडे, आणि स्टेशनवरच्या रंगीत दिव्यांच्या काट्यातून पडणारे तिकीटही वर्षानुवर्षे तेच वजन दाखवी. त्यामुळे कमरेचा पट्टा दोन भोके पुढे गेल्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे पायाची जखम महिनाभर भरेना म्हणून रक्त तपासले, तेव्हा मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ७.८ टक्के निघाले. डॉक्टरांनी त्याच वेळी टेप घेऊन मोजलेली कंबर ९७ सेंटिमीटर भरली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडून हे दाखवून दिले होते. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने चरबी मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. पुणे परिसरातील नवजात बाळे ब्रिटिश बाळांहून बरीच हलकी असतात, पण त्यांची चरबी त्या प्रमाणात कमी नसते, हे याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांचे निरीक्षण पाहता हा कल जन्मापासूनचा दिसतो.

भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये अतिवजनाची सीमा २५ वरून २३ वर आणली, हे योग्यच झाले, तरीही २२.४ हा आकडा त्या कडक सीमेतूनही सहज निसटतो. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, ही त्याच तज्ज्ञांची दुसरी सूचना होती, आणि तपासणी शिबिरांत नेमकी तीच मागे पडते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे शिबिरे भरवणाऱ्या कार्यालयांनी आणि सोसायट्यांनी काट्याशेजारी शिंप्याची टेप ठेवावी, आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, प्रत्येकाची कंबर मोजून ती वजनाच्या शेजारी नोंदवावी.