आपण आणि आम्ही

मल्याळम आणि स्वाहिली या दोन भाषांची तुलना करायची तर माणसाने कोचीनला जावे, झांजिबारला जावे, निदान मुंबईच्या एखाद्या ग्रंथालयात तरी बसावे. त्यासाठी करमाळ्याला कोणी येणार नाही. जेऊर स्टेशनावर उतरून ज्वारीची राने मागे टाकीत इथे येणाऱ्याला कमलाभवानीचे देऊळ भेटते, शहाण्णव पायऱ्यांची विहीर भेटते, आणि कानाला सोलापुरी वळणाची मराठी भेटते. तरीही ही तुलना आमच्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षे चालली आहे. याला कारण असे, की माझी थोरली वहिनी त्रिशूरची आणि धाकट्या भावाची मुले दारेसलामची.

वहिनी लग्नानंतर प्रथम देवीच्या दर्शनाला गेली, तेव्हा दक्षिणी थाटाचे ते गोपूर पाहून थबकली. म्हणाली, "हे इथे कसं आलं?" आई म्हणाली, "तू आलीस तसंच." सासूसुनांचा हा पहिला संवाद. त्यात लोभ किती आणि टोला किती हे मला अजून नीट उमगलेले नाही.

या दोन भाषांचे रक्ताचे नाते नाही. मल्याळम द्राविड कुळातली, तमिळची जवळची बहीण. तिने संस्कृत शब्द मात्र इतके घेतले आहेत की वहिनीचे निम्मे बोलणे आम्हाला अंदाजाने कळते. स्वाहिली आफ्रिकेतल्या बांटू कुळातली, आणि तिने उसनवारी केली ती अरबीकडून. दोघींमध्ये एक समुद्र. पण समुद्र हा आपल्यासारख्या कोरड्या मुलखातल्यांना अडसर वाटतो, किनाऱ्यावरच्यांना तो रस्ता असतो. हिवाळी वाऱ्यावर गलबते आफ्रिकेला लागत आणि वारा फिरला की परत येत. 1498 साली वास्को द गामा कोझिकोडला पोचला, तोही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वाटाड्या घेऊनच. पुढे पोर्तुगीजांनी आपले मेज दोन्ही किनाऱ्यांवर ठेवले: मल्याळमात 'मेश', स्वाहिलीत 'मेझा'. आमचा चहा वहिनीचा 'चाया' आणि पुतण्याचा 'चाय'. पैसा तर तिघांचाही पैसाच.

आमची ज्वारीही मूळची आफ्रिकेचीच. हजारो वर्षांपूर्वी ती हिंदुस्थानात आली आणि आमच्या मुलखात अशी रुजली, की तिला पाहुणी म्हणायची आता कोणाची छाती नाही. उलट मका आला अमेरिकेहून. पण स्वाहिलीत त्याचे नाव 'माहिंदी', म्हणजे हिंदचा!

एका दिवाळीत सगळे एकत्र जमलो होतो. वहिनी नारळ खवत होती. तिच्या माहेरी खवणीला 'चिरव' म्हणतात. पुतण्या म्हणाला, आमच्याकडे हिला 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे बकरी. नारळ खवायच्या त्या बैठ्या पाटाला पुढे दातेरी तोंड असते, म्हणून बकरी! आईला हे नाव इतके आवडले की आमच्या घरात तेव्हापासून "बकरी कुठं ठेवली गं?" असेच विचारतात. आल्यागेल्याला वाटते, आम्ही गोठा बाळगून आहोत.

व्याकरणात मात्र मराठी मधोमध उभी आहे. मल्याळमातले क्रियापद कर्ता बाई की बुवा हे पाहतच नाही. अवन् वन्नु, अवळ् वन्नु, ञान् वन्नु. तो, ती, मी, सगळ्यांना एकच 'वन्नु'. त्यामुळे पहिल्या वर्षी वहिनी खुशाल "मामंजी आली" म्हणे आणि माझे वडील मिशीत हसत. स्वाहिलीत तर 'तो' आणि 'ती' हा भेदच नाही. पण तिथे नामांचे वर्ग आहेत, आणि नामाचा शिक्का सगळ्या वाक्यावर उमटतो. किताबु किकुब्वा किमेआंगुका, म्हणजे मोठे पुस्तक पडले. अनेक असली की विताबु विकुब्वा विमेआंगुका. 'किताब' हा अरबी शब्द. त्याच्या तोंडचा 'कि' हा आपलाच उपसर्ग समजून स्वाहिलीने त्याचे 'वि' करून अनेकवचन केले. परक्याला आपलेसे करावे तर असे! आपणही 'मोठे पुस्तक पडले, मोठी पुस्तके पडली' असे वाक्यभर शिक्के मारीत जातो, फक्त शेपटीला.

नात्यांच्या शब्दांनी तर दिवाळीत धमाल उडवली. स्वाहिलीत 'बाबा' म्हणजे बाबाच; पण 'मामा' म्हणजे आई, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण. पुतण्याने फोनवर आपल्या मित्राला माझी ओळख 'काका' अशी करून दिली आणि मी एका क्षणात पन्नास वर्षांनी लहान झालो. भाऊबीजेला त्याची बहीण ताट घेऊन आली तेव्हा तो ओरडला, "दादा ओवाळायला आली!" वहिनी हसून हसून भिंतीला टेकली.

आता मूळ गोष्ट. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. "आम्ही जेवतो" म्हटले की पाहुण्याने ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसायचे. "आपण जेवू" म्हटले की त्याचेही पान मांडलेले. हिंदीला हा भेद ठाऊक नाही, इंग्रजीला नाही, स्वाहिलीला नाही. तिथे एकच 'सिसी'. मल्याळमात मात्र तो चोख आहे: ऐकणाऱ्याला धरून 'नम्मळ्', वगळून 'ञङ्ङळ्'. मराठीने हा भेद द्राविड शेजारणींच्या सहवासात उचलला, असे भाषेचे जाणकार मानतात. तेव्हा वहिनीला मराठीचे बाकी सगळे शिकावे लागले, हे शिकावे लागले नाही. आणि म्हणूनच ते लागलेही.

पहिल्या दिवाळीला तिने हौसेने केळ्याचे काप खोबरेलात तळले. आई म्हणाली, "आमच्याकडे खोबरेल डोक्याला लावतात." वहिनी हसली, काप झाकून ठेवले. दुसऱ्या एखाद्या प्रांताच्या सुनेला या वाक्यातले खोबरेल टोचले असते. हिला 'आमच्याकडे' टोचले. त्यातले कुंपण तिला तिच्या मातृभाषेतूनच दिसत होते. तीन-चार वर्षांनी शेजारच्या बाई फराळाला आल्या, काप तोंडात टाकून नाक मुरडून म्हणाल्या, "वास येतो हो." आई ताडकन म्हणाली, "आमच्याकडे खोबरेलातच तळतात." शब्द तोच, पण आता शेजारीण बाहेर होती आणि वहिनी आत. रात्री भांडी लावताना वहिनी मला हळूच म्हणाली, "भाऊजी, आज मी ञङ्ङळ्‌मध्ये आले."

त्या एकत्र दिवाळीच्या शेवटच्या संध्याकाळी पुतण्या आईच्या मांडीवर डोके टेकून म्हणाला, "आजी, आपण उद्या विमानात बसणार." त्याच्या डोक्यात 'सिसी' होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईने हातातली वात तशीच धरली. "मी पण?" तिचा चेहरा असा उजळलेला मी फार दिवसांत पाहिला नव्हता. चूक वहिनीच्या सर्वांआधी ध्यानात आली. "अरे, 'आम्ही' म्हणायचं" हे तिच्या ओठांवर आलेले मला दिसले. पण ती बोलली नाही. उठून दिव्यात तेल घालू लागली. थोड्या वेळाने आईच म्हणाली, "मला कुठलं जमतंय रे? माझ्याऐवजी पीठ ने." आणि तिने दोन किलो मालदांडीचे पीठ दळून आणवले.

चौथ्या दिवशी फोन आला. "आजी, आपण पोचलो." मागून त्याची आई "आम्ही म्हण, आम्ही" असे पुटपुटत होती.

"बरं झालं पोचलो," आई म्हणाली. "पीठ सांडलं नाही ना?"

"नाही. त्याला इथं 'म्तामा' म्हणतात."

"म्हणू देत. पण भाकरी लवकर करायला सांग तुझ्या आईला. पीठ जुनं झालं की विरी जाते."